नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला स्टेथो कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: जीएनएमच्या (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पहिल्या वर्षाला प्रवेश झालाय. कॉलेजच्या यादीत नुसतं 'स्टेथोस्कोप – १ नग' लिहिलंय, कोणता ते नाही. सर्जिकलच्या दुकानाचा मालक लिटमन हा महागडा ब्रँड गळ्यात मारतोय. एमबीबीएसला असलेला चुलतभाऊ म्हणतो, 'कार्डिओलॉजी फोर (लिटमनचंच भारी मॉडेल) घे, नाहीतर घेऊच नकोस.' बाबांनी दोन हजार दिलेत. शिवाय दुबईचा मामा दिवाळीला येताना आणायला तयार आहे.

मी आधी वॉर्डात स्टाफ म्हणून आणि नंतर ट्यूटर म्हणून बरीच वर्षं काढलीत, त्या जोरावर निकाल आधीच सांगून टाकते. त्या दोन हजारांतले हजार-बाराशे स्टेथोवर घाल. सेकंदकाटा ठळक दिसणारं साधं घड्याळ घे. उरतील ते बाबांना परत दे. लिटमन वाईट नाही, उत्तम आहे, पण तुझ्या पहिल्या वर्षाच्या कामाला त्याची गरज नाही. आणि खरेदीला जायच्या आधी सिनियर मुलींना एक फोन कर. काही कॉलेजं पूर्ण किट स्वतःच देतात आणि त्याचे पैसे फीमध्ये धरलेले असतात. मुली बाहेरून घेऊन येतात आणि मग कपाटात दोन-दोन स्टेथो पडून राहतात. काही ठिकाणी नळी काळीच हवी असाही हट्ट असतो. तो का, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही, पण युनिफॉर्मवरून पहिल्याच आठवड्यात बोलणी खाण्यात अर्थ नाही.

आता कारणं.

फंडामेंटल्सच्या, म्हणजे नर्सिंगच्या मूलभूत कामांच्या पोस्टिंगला तुझ्या वाट्याला काय येणार? टीपीआर आणि बीपी. सकाळी वॉर्डात पोचलीस की ओळीनं बेड, प्रत्येकाचं टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, बीपी, आणि केसशीटवर नोंद. यात स्टेथो लागतो तो बीपीला. त्याच्या खालोखाल एपिकल पल्सला, म्हणजे डावीकडे पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, मिडक्लॅव्हिक्युलर लाइनवर (गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली येणारी रेघ), पूर्ण एक मिनिट मोजायचे हृदयाचे ठोके. मोठ्या माणसाला डायजॉक्सिन हे हृदयाचं औषध देण्याआधी हे मोजावंच लागतं. साठच्या खाली भरले तर गोळी हातात ठेवायची आणि सिस्टरना सांगायचं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न ठरलेला.

बीपी घेताना आपण जे ऐकतो त्या आवाजांना कोरोटकॉफचं नाव आहे. निकोलाय कोरोटकॉफ या रशियन सर्जननं १९०५ साली ही पद्धत मांडली. कफमधली हवा सोडत जाताना पहिला ठोका ऐकू येतो तो सिस्टॉलिक, आवाज पूर्ण बंद होतो तो डायस्टॉलिक. हे आवाज खालच्या पट्टीतले, धप-धप असे असतात. कफ योग्य मापाचा असेल, चेस्टपीस (पेशंटच्या अंगाला टेकवायचा भाग) नेमका ब्रेकियल आर्टरीवर, म्हणजे दंडाच्या रोहिणीवर असेल आणि इअरटिप्स कानात घट्ट बसल्या असतील तर साध्या, धड बनवलेल्या स्टेथोतून ते स्वच्छ ऐकू येतात. यातल्या तीनपैकी एकही गोष्ट बिघडली तर दहा हजारांचा स्टेथोही मुकाच राहतो.

चुलतभावाचं म्हणणं त्याच्यापुरतं बरोबर आहे. त्याला मर्मर, म्हणजे हृदयातले जादा आवाज, ओळखायचे आहेत. ऱ्हुमॅटिक फीव्हरनं मायट्रल झडप आवळून गेलेले पेशंट आपल्याकडे अजून येतात. त्यांना डाव्या कुशीवर वळवून, बेल अगदी अलगद टेकवून, दोन ठोक्यांच्या मधला तो हलका घरघराट पकडायचा असतो. गोंगाटाच्या वॉर्डात तो पकडताना चांगल्या यंत्राचा फायदा होतो, आणि परीक्षकासमोर तर होतोच. तुझं काम त्याच पेशंटची काळजी घेण्याचं आहे: धाप किती, पायावर सूज किती, इनटेक-आउटपुटचा चार्ट, डायजॉक्सिनच्या आधी एपिकल. त्यासाठी कार्डिओलॉजी फोर घेणं म्हणजे पैशांची नासाडी. मुलगी सगळ्यांत महाग स्टेथो घेऊन आली की पहिल्या आठवड्यात सगळ्या वॉर्डाला कळतं, आणि पुढच्या आठवड्यात तो 'जरा द्या ना' म्हणून फिरू लागतो. त्याबद्दल पुढे सांगते.

चेस्टपीसबद्दल थोडं समजून घे, म्हणजे दुकानात कुणी फसवणार नाही. ड्युअल हेड म्हणजे दोन बाजू असलेला. मोठी चपटी बाजू, जिच्यावर ताणलेली चकती असते, ती डायफ्राम. ती वरच्या पट्टीतले आवाज चांगले पोचवते: श्वासाचे आवाज, आतड्यांची गुडगुड, हृदयाचे नेहमीचे दोन ठोके. मागची छोटी वाटी म्हणजे बेल. ती खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी, आणि ती दाबायची नसते, नुसती टेकवायची. बेल जोरात दाबली की खालची कातडीच ताणली जाऊन डायफ्रामचं काम करू लागते आणि हवा तो आवाज नाहीसा होतो.

मग बीपीचे आवाज खालच्या पट्टीतले असताना वॉर्डात सगळे डायफ्रामच का लावतात? कारण कोपराच्या खळग्यात तो सोपा बसतो, एका हातानं धरता येतो, आणि आकड्यात पडणारा फरक किरकोळ असतो. पुस्तकात बेल लिहिली असेल तर व्हायवाला बेल सांग, वॉर्डात तुमच्या मॅडम दाखवतील तसं कर. दोन्हीत भांडण लावू नकोस.

काही स्टेथोंना 'ट्यूनेबल' डायफ्राम असतो. हलका टेकवला तर खालची पट्टी, दाबला तर वरची, म्हणजे एकाच बाजूनं दोन्ही कामं होतात. लिटमनच्या क्लासिक थ्रीला दोन्ही बाजूंना असे डायफ्राम आहेत, एक मोठ्यांसाठी आणि एक लहान मुलांसाठी. सोय उत्तम आहे. पण शिकताना डायफ्राम आणि बेल अशा दोन वेगळ्या बाजू असलेला स्टेथो बरा, असं माझं मत आहे. कोणता आवाज कुठून येतो हे बोटांना आणि कानांना वेगवेगळं कळतं. नंतर ट्यूनेबल शिकायला फार वेळ लागत नाही. माझ्या काही सहकारी ट्यूटर याच्या उलट सांगतील, त्यांचंही ऐक.

फक्त एक बाजू असलेले सिंगल हेड स्टेथो स्वस्त मिळतात. बीपीपुरते चालतात, पण तीन वर्षं काढायची तर ड्युअल हेडच घे. पीडियाट्रिक पोस्टिंगला छोटी बाजू लागते. बाळाच्या छातीवर मोठा डायफ्राम ठेवला की तो अर्ध्या छातीवर पसरतो आणि कशाचा आवाज ऐकतोय तेच कळत नाही. हाच अनुभव हाडं दिसणाऱ्या अशक्त म्हाताऱ्या पेशंटच्या बाबतीतही येतो. दोन बरगड्यांच्या मधल्या खळग्यावर मोठी चकती पुलासारखी अधांतरी राहते आणि कडेनं हवा शिरते. तिथं छोटी बाजू कामाला येते.

दोन समांतर नळ्या आणि बदलता येणारी चार-पाच टोकं असलेला एक प्रकार दुकानात दाखवतील, 'रॅपापोर्ट' म्हणून. डब्यात भरगच्च दिसतो आणि भावही फार नसतो. घेऊ नकोस. जड असतो, दोन्ही नळ्या एकमेकींवर घासून खरखर करतात, आणि सुटे भाग होस्टेलमध्ये महिन्याभरात हरवतात.

आता कान. लोक डायफ्रामवर तासभर चर्चा करतात आणि इअरटिप्सकडे बघतही नाहीत, वास्तविक नव्या मुलींच्या 'मॅडम, काहीच ऐकू येत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं. कानाची नळी सरळ आत जात नाही, किंचित पुढे, नाकाच्या दिशेनं झुकलेली असते. म्हणून स्टेथो घालताना इअरटिप्सची टोकं पुढे, चेहऱ्याकडे वळलेली हवीत. उलटा घातलास की टोकं कानाच्या भिंतीत रुततात, भोक बंद होतं आणि वॉर्डातला गलका मात्र ऐकू येत राहतो. टिप्स मऊ, कानात शिरून हवा अडवणाऱ्या हव्यात. स्वस्त स्टेथोला पुष्कळदा कडक प्लास्टिकच्या टिप्स येतात. दहा-बारा पेशंटची बीपी घेतलीस की कान दुखून येतात. स्टेथो बाकी बरा असेल तर मऊ टिप्सची जोडी वेगळी विकत मिळते का ते त्याच दुकानात विचार, आणि तुझ्या स्टेथोला नीट बसते का ते तिथंच बघ. सैल बसलेली टिप पेशंटसमोर कानातच राहण्याचे प्रसंग घडतात.

हेडसेटची स्प्रिंग फार घट्ट असेल तर डोकं दुखतं, सैल असेल तर टिप्स नीट बसत नाहीत. धातूच्या दोन दांड्या हातात धरून हलकेच फाकवल्या की पकड सैल होते, एकमेकींवर दाबल्या की घट्ट. हे दुकानातच करून बघ, स्प्रिंग चांगली असेल तर ती तो ताण सहन करते आणि नव्या जागी टिकते. आणि कानात मळ असेल तर आधी तो काढून घे. हसू नकोस, प्रवेशाच्या वेळच्या तपासणीत हे कुणी बघत नाही आणि मुलगी वर्षभर स्टेथोला दोष देत बसते. ऐकू खरंच कमी येत असेल तर ऑडिओमेट्री करून घे आणि निःसंकोचपणे मॅडमना सांग. आवाज वाढवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथो मिळतात. ते महाग आहेत, पण तशा विद्यार्थिनीसाठी तो खर्च योग्यच. बाकीच्यांनी पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नये.

नळी जाडसर, भिंत भरीव, आणि वाकवल्यावर न चिमटणारी हवी. लांबी साधारण २७-२८ इंच असावी. आखूड नळीतून आवाज चांगला येतो असं सांगतात, पण इतक्याशा फरकानं आपल्या कानाला काही कळत नाही. लांब नळीचा फायदा मात्र कंबरेला कळतो. सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात पावसाळ्यात फ्लोअर बेड लागतात. गादीवर खाली झोपलेल्या पेशंटचं बीपी घेताना आखूड नळी असली की तू अक्षरशः त्याच्या तोंडाशी वाकतेस, आणि तो खोकणारा असेल तर तुझ्याही प्रकृतीला ते बरं नाही.

दुकान. मुंबईत असशील तर प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे शामळदास गांधी मार्गावर, सर्जिकलच्या दुकानांची ओळच आहे. बाकी कुठल्याही जिल्ह्याच्या गावी सिव्हिलच्या आसपास दोन-चार दुकानं सापडतातच. ऑनलाइन शंभर-दोनशे स्वस्त दिसेल, पण पहिला स्टेथो कानात घालून घेण्याची वस्तू आहे. दुकानात गेलीस की असं कर. टिप्स पुढे वळवून कानात घाल. बाहेरचा रस्त्याचा आवाज लगेच दबला पाहिजे. नाही दबला तर टिप्स तुझ्या कानाच्या नाहीत, दुसरा माग. मग डायफ्रामवर बोटानं अगदी हलकं टिचकी मार. काहीच ऐकू आलं नाही तर घाबरू नकोस, बेलची बाजू उघडी असेल. चेस्टपीस त्याच्या दांडीवर अर्धा फिरव, 'टक्' होईल, परत टिचकी मार. ही फिरवाफिरव घट्ट आणि स्पष्ट हवी. डुगडुगणारी असेल तर तो नग नको. दोन्ही कानांत आवाज सारखा येतो का बघ. मग स्वतःच्या छातीवर, ड्रेसच्या गळ्यातून आत डायफ्राम सरकवून ठोके ऐक, आणि ऐकता ऐकता दुसऱ्या हातानं नळी जिथं दोन फाट्यांत फुटते तिथं थोडी हलव. आवाज तुटला तर जोड गळका आहे. एकाच मॉडेलचे दोन-तीन नग काढायला लाव. स्वस्त मालात नगागणिक फरक असतो आणि चांगला नग निवडून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

नावं सांगायची तर, मायक्रोटोन हा आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलेला स्टेथो. रॉसमॅक्स, डॉ. मोरपेन यांचेही ड्युअल हेड मिळतात. हे सगळे तुझ्या बजेटमध्ये बसतात. यांतला अमुकच घे असं मी सांगणार नाही, कारण तुझ्या कानाला कोणता बसतो ते मला इथून कळणार नाही. विचारायचं एवढंच, की टिप्स आणि डायफ्राम सुटे मिळतात का. जास्तीचा डायफ्राम आणि टिप्सची जोडी बॉक्समध्येच असेल तर उत्तम.

लिटमनबद्दल, कारण तो विषय काही तुझा पिच्छा सोडणार नाही. डेव्हिड लिटमन हे अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांची कंपनी १९६७ साली थ्रीएमनं घेतली. २०२४ मध्ये थ्रीएमचा आरोग्य विभाग सॉल्व्हेंटम नावानं वेगळा झाला, त्यामुळे आता बॉक्सवर सॉल्व्हेंटम दिसलं म्हणून 'डुप्लिकेट' समजून परत करू नकोस. डुप्लिकेट मात्र खरोखर भरपूर आहेत. दोन हजारांत 'क्लासिक थ्री' देतो असं कुणी म्हणालं तर तो क्लासिक थ्री नाही, एवढं पक्कं समज. खरा आठ-दहा हजारांच्या घरात जातो. त्याच्या धातूवर कोरलेला सीरियल नंबर असतो आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो. लाइटवेट टू नावाचं त्यांचं हलकं मॉडेल बरंच कमी किमतीत येतं आणि मुख्यतः बीपीसारख्या कामासाठीच बनवलेलं आहे. घरची परिस्थिती चांगली असेल आणि लिटमनच हवा असेल तर पहिल्या वर्षाला तो घ्यावा, त्याच्या वरचा नको. पण खोटा लिटमन घेण्यापेक्षा खरा मायक्रोटोन कधीही बरा. नक्कल त्याचीही होते, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घे.

आता जे पैशानं विकत मिळत नाही त्याबद्दल. बीपी चुकण्याची कारणं स्टेथोत फार कमी सापडतात. कफ बघ. आतल्या हवेच्या पिशवीनं दंडाचा साधारण ८० टक्के घेर व्यापला पाहिजे. जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी उगाच जास्त येतं. बायकांच्या वॉर्डात ब्लाउजची बाही वर गुंडाळून त्यावर कफ बांधतात. ती घट्ट बाहीच दंड आवळून बसते. बाही ढिली कर, नाहीतर पडदा ओढून हात बाहेर काढायला सांग. हातभर हिरव्या बांगड्या असतील तर त्या हात हलला की वाजतात आणि नेमका पहिला ठोका त्यात बुडतो. हात आडवा, हृदयाच्या पातळीला, उशीवर स्थिर ठेव, बांगड्या मनगटाशी खाली सरकू दे. एपिकल घेताना मंगळसूत्र बाजूला घ्यायला सांग, मण्यांची टकटक डायफ्रामवर ठोक्यासारखी येते आणि नवी मुलगी ती इमानदारीनं मोजते.

चेस्टपीस कफच्या खाली खोचायचा नाही. सिस्टर खोचताना दिसतील, कारण तसं करून एक हात मोकळा राहतो. पण कफचा घासण्याचा आवाज येतो आणि आर्टरीवर जादा दाब पडतो. आधी पाल्पेटरी घे: मनगटाची नाडी बोटाखाली ठेवून हवा भर, नाडी गेली तो आकडा लक्षात ठेव, त्याच्या ३० मिलिमीटर वर ने, मग स्टेथो लावून सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या हळू हवा सोड. ही पायरी मुली सर्रास गाळतात. काही पेशंटांच्या बाबतीत, विशेषतः बीपी जास्त असलेल्यांत, पहिल्या ठोक्यांनंतर आवाज मध्येच बंद पडतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. त्या मधल्या शांततेतच हवा भरणं थांबवलंस तर दोनशेचं बीपी तू दीडशे लिहून मोकळी होशील. वॉर्डात डिजिटल मशीन आणि मॉनिटर आले असले तरी प्रॅक्टिकलला हातानंच घ्यावं लागतं, आणि ठोके अनियमित असलेल्या पेशंटच्या बाबतीत मशीनच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हाही हातानंच.

आणि कपड्यांवरून ऐकायचं नाही. ब्लाउज, स्वेटर, हॉस्पिटलचा शर्ट, काहीही मध्ये नको. छातीवर केस असतील तर ते घासून बारीक चरचर येते, अगदी क्रेप्ससारखी (आजारी फुप्फुसातून येणारी बारीक चरचर). केस ओल्या कापसानं दाबून बसव. पडदा ओढायला, 'ताई, जरा पदर बाजूला घेते हं' म्हणायला विसरू नकोस. हे यंत्र मुळात संकोचातूनच जन्मलं आहे: १८१६ साली पॅरिसच्या डॉ. लेनेक यांना एका तरुण बाईच्या छातीला कान लावून ऐकणं प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. थंडीच्या दिवसांत चेस्टपीस तळहातावर घासून गरम कर, पेशंट दचकला की श्वास रोखतो.

राइल्स ट्यूब (नाकातून घालायची, फीड देण्याची नळी) पोटात गेली की नाही हे सिरिंजनं हवा मारून स्टेथोनं ऐकायचं, असं तुला वॉर्डात दाखवतील. करून बघ, आवाज ओळखायला शीक, पण त्यावर फीड सुरू करू नकोस. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज ऐकू येऊ शकतो. ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच आणि शंका असेल तर एक्स-रे, हीच खरी खात्री. मिडवायफरीला बाळाचे ठोके ऐकायला तुझा स्टेथो फारसा उपयोगी पडणार नाही. त्यासाठी फीटोस्कोप किंवा डॉपलर असतो आणि तो लेबर रूममध्ये मिळतो, विकत घ्यायचा नाही.

घड्याळावर मी एवढा जोर का देते? कारण पल्स, एपिकल, श्वास, सलाइनचे थेंब हे सगळं सेकंदकाट्यावर चालतं. कम्युनिटी पोस्टिंगला पाच वर्षांखालच्या मुलांचे श्वास छातीकडे बघून पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, इतके किंवा याहून जास्त भरले की जलद श्वास. न्यूमोनियाचा संशय तिथून सुरू होतो, आणि त्यात स्टेथो कुठंच नाही. मोबाइल खिशातून काढायला वॉर्डात परवानगी नसते.

स्वच्छता. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिलं, की एका तपासणीनंतर डायफ्रामवर जमा होणारे जंतू बोटांच्या टोकांखालोखाल असतात, तळहातापेक्षाही जास्त. म्हणजे हात धुऊन तोच स्टेथो पुढच्या पेशंटला लावला तर अर्धंच काम केलंस. ट्रेमधला स्पिरिट स्वॅब घे, डायफ्राम आणि त्याची कडा पुस, वाळू दे, पुढे चल. दुसऱ्या कुणी वापरला तर टिप्सही पुस. पाण्यात बुडवायचा नाही, उकळायचा नाही, ऑटोक्लेव्ह तर नाहीच. नळी उघड्या मानेवर लटकवू नकोस, कातडीच्या तेलानं आणि घामानं ती कडक होते आणि मग चिरते. एप्रनच्या खिशात सैल गुंडाळून ठेव, टोकदार वळण देऊ नकोस. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत विसरू नकोस. आणि आयसोलेशनच्या बेडला स्वतःचा स्टेथो ठेवलेला असेल तर तिथं तोच वापरायचा, तुझा बाहेर.

'जरा द्या ना' बद्दल. राउंडला आलेला इंटर्न किंवा रेसिडेंट म्हणेल, 'सिस्टर, स्टेथो द्या ना एक मिनिट.' देशील. तो पुढच्या वॉर्डात निघून जाईल, स्टेथो त्याच्या गळ्यात. त्याच्या मनात काही नसतं, त्याला नुसतं आठवत नाही. म्हणून नळीवर परमनंट मार्करनं नाव आणि वर्ष लिही, वरून पारदर्शक टेप लाव, किंवा नावाचा टॅग अडकव. कॉलेज हरकत घेत नसेल तर मरून, जांभळा असा रंग घे, काळ्या नळ्यांच्या गर्दीत तो लांबून दिसतो. आणि 'मॅडमनी द्यायला मनाई केलीय' असं बिनधास्त सांग. माझ्या नावावर अशी बरीच मनाई खपलेली आहे.

चांगला स्टेथो केव्हा घ्यावा? तिसऱ्या वर्षातल्या इंटर्नशिपच्या सुमारास. तोवर तुला कळलेलं असेल की तुझा ओढा कुठं आहे. आयसीयू, कॅज्युअल्टी, पीडियाट्रिक असेल तर चांगल्या यंत्राचे पैसे वसूल होतात: श्वासनलिकेत ट्यूब टाकल्यावर दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते की नाही, फुप्फुसांच्या तळाशी बारीक क्रेप्स सुरू झाल्यात का, ऑपरेशननंतरच्या पोटात आवाज परत आले का, हे तेव्हा तू स्वतः ऐकून डॉक्टरांना फोनवर सांगणार असतेस. कम्युनिटीत, उपकेंद्रात जाणार असशील तर आत्ताचाच पुढेही पुरेल, बॅगेत हलका पडेल.

राहिला मामा. त्याला नाही म्हणू नकोस, तारीख बदलून दे. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीला क्लासिक थ्री आण म्हणावं. रस्त्यावरच्या गिफ्टच्या दुकानातून नको, अधिकृत विक्रेत्याकडून, बिल आणि बॉक्ससकट, आणि पैसे देण्याआधी धातूवरच्या सीरियल नंबरचा फोटो तुला पाठवायला सांग.